न घेतलेलं नाव

परीक्षा अर्धी सोडून घरी यायचं आणि वर तोंड मिटून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायचं, हे कसलं वागणं? जिजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सुनेला मास्तरीण करायचं म्हणून त्यांनी अख्ख्या कोष्टीपुऱ्याची बोलणी खाल्ली होती. स्वराज्य आलं त्या दिवाळीत लेक रुपराव बुरहानपूरच्या गिरणीत कामाला गेला, त्याला तीन वर्षं झाली. ना पत्र, ना निरोप. दोन मागांतला एक केव्हाच विकला गेला होता.

"काहून उठून आली वं? सारं तं पाठ होतं तुले. वस्तूचं नाव, गुणाचं नाव, माणसाचं नाव... रोज ऐकू ऐकू मले पाठ झालं!"

प्रेमलतेनं चरख्यावर नवी कांडी चढवली. तिच्यासोबत आलेले, तिला शिकवणारे शालिकराम गुरुजी ओट्यावर उभे होते, तेच बोलले.

"तोंडी परीक्षेत वाक्य दिलं, जिजाबाई. 'रुपराव बाजारातून टोपली आणतो.' बाजार, टोपली सामान्यनामं, हे झटक्यात सांगितलं. विशेषनाम कोणतं म्हटलं, तं एकदम चूप. परीक्षक बाहेरगावचे. म्हणे, ही काय पोरी शिकवणार! हातापाया पडून उद्याची वेळ घेतली मी. पण ते आता मुद्दाम तेच विचारतील."

जिजाबाई सुनेच्या शेजारी येऊन बसल्या. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याच्या आयुष्यातला एक दिवस जातो, हे नव्या नवरीला त्यांनीच बजावलं होतं. पोरीनं ते असं पाळलं, की रुपयालाही ती कलदार म्हणे. आणि लेक आहे की नाही हेच ठाऊक नसताना, त्याचा एक दिवस तरी कसा द्यायचा?

गुरुजी गेले. चरखा कुरकुरत राहिला. सुनेच्या हातातलं सूत एकदा तुटलं, तिनं गाठ मारली, पुन्हा तुटलं. जिजाबाई उठल्या आणि त्यांनी चरख्यावर हात ठेवून तो थांबवला.

"आयक वं. बारशाले आत्यानं त्याच्या कानात सांगितलं असन, पण ते नाव निवडलं म्या. उद्या जाय, अन् त्या मानसाच्या तोंडावर मोठ्यानं सांग, रुपराव. जो दिवस जाईन तो माह्या आयुष्यातला जाऊ दे, देवाले मी सांगीन. पण अर्धी परीक्षा सोडून आली, हे तुहं चुकलंच. मागावर चढवलेला ताणा आपल्या घरात कोणी अर्धा सोडत नाई!"