नखं वाळेपर्यंत

"उचल, फरफटवू नकोस," असं म्हणत लोरेलने टेबलाची आपली बाजू कमरेशी घेतली. पलीकडून तुयेनने उचललं. कुरकुर करत, दोनदा दारात अडकत, दोघींनी ते मागच्या खोलीतून पुढे खिडकीपाशी आणलं.

"आता बरं," तुयेन म्हणाली. "नखाचा रंग ट्यूबखाली खोटा दिसतो. बाई घरी जाते आणि मग फोन करून भांडते."

"माझ्याकडे येणाऱ्या बाया अंगाचा रंगच खोटा लावून घेतात. त्यांना काय फरक पडतो?"

तुयेन हसली नाही. ती टेबलावर झुकून बाटल्या लावत होती, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे. ब्रिस्बेनमध्ये सतरा वर्षं तिने हेच केलं होतं, आणि बंडाबर्गला येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

लोरेल हॅडनचं दुकान मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत होतं. पूर्वी तिथे चार पलंग होते, काचेचे, आत निळ्या नळ्यांचे. माणसाने आत उताणं पडायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि दहा मिनिटांत आठवडाभराचं ऊन अंगावर घेऊन, तपकिरी होऊन बाहेर यायचं. ज्या गावात ऊन फुकट आणि मुबलक, तिथे लोक रांग लावून दिव्याखाली झोपायला का येत, हे लोरेलने स्वतःला कधी विचारलं नाही. लोक येत होते एवढं तिला पुरेसं होतं. मग त्या दिव्यांनी कातडीचा कर्करोग होतो म्हणून सरकारने पलंगांवर बंदी घातली, एक ट्रक येऊन ते घेऊन गेला, आणि लोरेलने फवाऱ्याचा धंदा धरला. बाईने कागदी चड्डी घालून आडोशात उभं राहायचं आणि लोरेलने तिला नळीने तपकिरी करायचं. तेही काही वर्षं बरं चाललं. पुढे पोरी तपकिरी रंगाच्या फेसाच्या बाटल्या घरी नेऊन एकमेकींची पाठ रंगवायला लागल्या.

म्हणून नखं. अंगाचा रंग आठवड्यात उतरतो आणि बाईला वाटतं, जाऊ दे. नख मात्र वाढतं, मुळाशी फट दिसायला लागते आणि बाई निमूट परत येते. हे गणित तुयेननेच पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली होती. ब्रॉन्विनच्या मुलीचं लग्न होतं. लोरेलने आधी तिला छान तपकिरी केलं आणि मग तुयेनच्या टेबलावर बसवलं. तुयेनने सवयीने तिचे हात कोमट साबणाच्या पाण्यात बुडवले, वर औषधाने नखं पुसली. ब्रॉन्विनने हात बाहेर काढले ते मनगटापर्यंत पांढरेफटक.

"आता मी काय मोजे घालून उभी राहू विहिणीसमोर?" ती किंचाळली होती. "लोक म्हणतील, बाई कणीक मळता मळता उठून आली!"

तेव्हापासून नियम झाला: आधी नखं, मग रंग. ब्रॉन्विनने ती गोष्ट गावभर सांगितली आणि नवल म्हणजे त्याने गिऱ्हाईक वाढलं. गेल्या शुक्रवारी खुर्च्या कमी पडल्या. एक बाई तर खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिली. दुकानात इतकं बोलणं, इतकं हसणं लोरेलने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते पुन्हा थांबू नये एवढंच तिला हवं होतं.

तिने वही ओढली. तुयेनच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: अकरा वाजता, ग्लेनिस ट्रँटर, हात.

"हिने फोन केला?"

"काल. म्हणाली, नखं फार वाईट आहेत, चालेल ना? मी म्हटलं, वाईट नखांवरच तर आमचं चालतं."

"आणखी काय म्हणाली?"

"तुम्ही असाल का, विचारलं." तुयेनने मान वर केली. "म्हटलं, मालकीण आणखी कुठे जाणार? का? काही बोलायला नको होतं का?"

"नाही गं. जुनी ओळख आहे."

ओळख होती खरी. एकेकाळी दोघी एका संघातून नेटबॉल खेळत. ग्लेनिसची मुलगी किरा सत्ताविसाव्या वर्षी गेली, पोटरीवरच्या एका काळ्या डागाने, कातडीच्या कर्करोगाने. त्याला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत ग्लेनिस लोरेलशी एक शब्द बोलली नव्हती, पण लोरेलबद्दल खूप बोलली होती. "माझी पोर सोळा वर्षांची होती. त्या बाईने मला न विचारता तिला भाजून काढलं." दवाखान्यात, भाजीवाल्याकडे, शाळेच्या दारात. लोरेलचं उत्तर ठरलेलं असायचं. अठराच्या आतल्या मुलीला आईची सही लागते हा दुकानाचा नियम होता, आणि सही होती. अर्धं गाव लोरेलच्या बाजूचं झालं, अर्धं ग्लेनिसच्या. ग्लेनिसच्या बाजूचं अर्धं दुकानात यायचं बंद झालं.

सही होती, हे खोटं नव्हतं. शनिवारची सकाळ होती. शाळेचा निरोपाचा नाच जवळ आला होता, आणि किरा पाच मैत्रिणींना घेऊन आली होती. लोरेलने तिला कागद दिला. "आईची सही आण." "आई गाडीतच बसलीय," असं म्हणून पोरगी बाहेर पळाली आणि दोन मिनिटांत परत आली. शाई अजून ओली होती. लोरेलने खिडकीतून बाहेर पाहिलं होतं. समोरच्या मोकळ्या जागेत एकही गाडी नव्हती, फक्त कुणाची तरी सायकल होती. तिने कागद फाइलला लावला आणि म्हणाली, "तीन नंबरच्या खोलीत जा, राणी."

पुढे ते कागद पलंगांबरोबरच गेले, पण ती रिकामी जागा लोरेलच्या डोक्यातून गेली नाही. सही होती, सही होती असं शंभरदा म्हणूनही ती जागा भरली नाही.

आरसा पुसता पुसता तिने ठरवलं की विचारलं तर सांगून टाकायचं. आडोशात जाऊन तिने ते वाक्य हळूच म्हणूनही पाहिलं. "गाडी नव्हती, ग्लेनिस. मी पाहिलं होतं." ऐकायला ते फार लहान वाटलं. एवढंसं वाक्य सहा वर्षं आपल्या तोंडून निघालं नाही याची तिला लाज वाटली, आणि बरंही वाटलं की आज निघेल.

अकराला दोन मिनिटं असताना ग्लेनिस आली. हातातली टोपी कुठे ठेवावी हे तिला कळेना. लोरेलने ती घेऊन खुंटीला लावली. दोघी एकमेकींना "बरं आहे ना" म्हणाल्या, बस.

तुयेनने तिची बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हा मळ नाही," ग्लेनिस घाईने म्हणाली. "रताळ्याचा चीक आहे. मी शेडमध्ये रताळी निवडते. कशानेही निघत नाही तो."

"लिंबाने निघेल. नाही निघाला तर वरून रंग आहेच. जेल लावू? एक मिनिट दिव्याखाली धरायचं, लगेच वाळतं."

तिने बटण दाबलं. छोट्या पेटीतून निळाजांभळा उजेड टेबलावर पसरला. ग्लेनिसने दोन्ही हात झटकन मांडीवर घेतले.

"दिवा नको."

"अहो, काही होत नाही. मी आधी उन्हाचं क्रीम लावते ना, सगळ्यांनाच लावते—"

"दिवा नको म्हटलं ना!"

"बंद कर ते," लोरेल म्हणाली. "साधा रंग लाव."

तुयेनने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. तिने पेटी बंद करून टेबलाखाली सरकवली. "साधा वाळायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. हात अजिबात हलवायचे नाहीत."

"मला घाई नाही," ग्लेनिस म्हणाली.

तिने फिका गुलाबी निवडला. तुयेनने पटापट काम केलं, दहाही बोटं नीट पसरून टॉवेलवर ठेवली आणि जेवण आणायला बाहेर गेली. शहाणी बाई, जाताना दार लोटून गेली.

लोरेल समोरच्या खुर्चीवर बसली. मध्ये टेबल होतं, त्यावर ग्लेनिसचे पालथे हात.

"नखं काय, माझी होती तशी चालली असती," ग्लेनिस म्हणाली. "पण नुसतीच कशी येणार तुझ्या दारात."

"यायचं होतंस. मी काही हाकललं नसतं."

"गेल्या महिन्यात किराची खोली आवरली. इतकी वर्षं हात लावला नव्हता. शाळेचे कागद निघाले एका डब्यात. सहलीचे, पोहण्याचे, दाताच्या डॉक्टरचे. परवानगीचे सगळे. सगळ्यांवर माझी सही." ती आपल्या बोटांकडे पाहत बोलत होती. "लोरेल, मला त्यातली एकही आठवत नाही. मी तेव्हा दोन-दोन पाळ्या करायचे. ती फ्रिजवर कागद लावून ठेवायची, मी न वाचता सही मारायचे, असं मला वाटतं. मारतच असणार ना? सह्या आहेत म्हणजे."

त्या डब्यातल्या सह्या कुणी केल्या असतील हे लोरेलला स्वच्छ दिसत होतं.

"मग मनात आलं, तुझा कागदही त्यातलाच असेल. तू पहिल्यापासून म्हणत होतीस आणि मी तुला खोटी ठरवत होते. मला झोप येत नाही गं. एकदा काय ते सांग. सही माझी होती?"

वाक्य तयार होतं. लोरेलने तोंड उघडलंही. तेवढ्यात काचेबाहेर दोन बाया थांबल्या, नखांच्या रंगांचा तक्ता वाचू लागल्या. त्यातली एक शेडच्या मॅनेजरची बायको होती, पाच-सहा वर्षांत या गल्लीत न फिरकलेली. तिने आत डोकावून ग्लेनिसला पाहिलं, चकित झाली आणि हसून हात हलवला.

"हो," लोरेल म्हणाली. "तुझीच होती."

"नक्की?"

"पूर्ण नाव लिहिलेलं. किरा घेऊन आली. म्हणाली, आई गाडीत बसलीय."

ग्लेनिसने डोळे मिटले. ती आठवणीत काहीतरी शोधत राहिली.

"गाडीत," ती हळू म्हणाली. "हो. शनिवारी सोडायचे मी तिला. ती पांढरी गाडी होती तेव्हा आमची. काच खाली करून मी... तिने पेन दिलं मला." तिने डोळे उघडले. "आठवतंय. दिलं होतं तिने पेन."

अजूनही वेळ होता. थांब, असं काही झालं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. लोरेलने ते म्हटलं नाही.

"म्हणजे मीच पाठवलं तिला," ग्लेनिस म्हणाली, आणि तिचे डोळे वाहायला लागले. हात सवयीने वर उठले.

"हलवू नकोस," लोरेल पटकन म्हणाली. "ओली आहेत अजून."

ग्लेनिसने हात आज्ञाधारकपणे परत टॉवेलवर ठेवले. लोरेल उठली, पेटीतून मऊ कागद ओढला आणि टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी उभी राहिली. तिने ग्लेनिसची हनुवटी धरून आधी एक गाल पुसला, मग दुसरा. नाकही पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

"सहा वर्षं गावभर तुझं नाव खराब केलं मी," ग्लेनिस हुंदके देत म्हणाली. "मला माफ कर, लोरेल."

"असू दे गं," लोरेल म्हणाली आणि तिने तिला माफ केलं.