झुकण्याची मर्यादा

बुडणाऱ्या माणसापर्यंत हवा भरलेली ट्यूब पोचवणारा ड्रोन उन्नती आणि प्रल्हादने मिळून बनवला होता. वाऱ्यात त्याला सावरून धरणारा प्रोग्रॅम उन्नतीचा. राजोडीच्या किनाऱ्यावर चाचणी ठरली. प्रल्हादचा धाकटा भाऊ जितेश बुडणाऱ्या माणसाच्या जागी रबरी पुतळा पाण्यात सोडायला गेला आणि ओहोटीने त्यालाच आत ओढलं.

लाटांमध्ये त्याचं डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं. कोळी होडी वाळूवरून ढकलू लागले, पण ती पाण्यात जायला वेळ लागणार होता.

उन्नतीने ड्रोन सोडला. अर्ध्या वाटेत समोरून वाऱ्याचा तिरका झोत आला. ड्रोन थरथरला आणि आपणहून मागे फिरला. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा तेच.

"परत का येतोय?" प्रल्हादने विचारलं.

"या वाऱ्यात पुढे जायला खूप झुकावं लागेल. तेवढं मी त्याला झुकू देत नाही."

"मर्यादा काढून टाक."

"उलटा होईल तो. थोडा कलला तर सावरतो, त्यापलीकडे मोटरींचा जोरच पुरत नाही. आणि ट्यूब एकच आहे, प्रल्हाद."

"माझा भाऊ आहे तिथे."

बदलायचा होता फक्त एक आकडा. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये बसून, लॅपटॉपवर असंख्य वेळा ड्रोन पाडून तिने तो ठरवला होता. समुद्रावर एकदाही नाही. तोच चुकला असेल तर?

तिने ड्रोन उचलला आणि वारा येत होता त्या दिशेला किनाऱ्याने धावत सुटली. तिथून सोडला तर वारा समोरून लागणार नव्हता. मागून प्रल्हाद तिला हाका मारत होता, नंतर नुसताच ओरडत होता.

या वेळी ड्रोन मागे फिरला नाही. मर्यादेला टेकून, डुगडुगत तो पोचला. ट्यूब पडली. जितेशचा हात निसटला. मग कसाबसा तो ट्यूबवर आडवा झाला, आणि होडी येईपर्यंत तसाच निपचित राहिला.

वसईच्या हॉस्पिटलात त्याच्या घशात नळी घातली. बाहेर बाकावर प्रल्हाद म्हणाला, "पहिल्यांदा परत आला तेव्हाच मर्यादा काढली असतीस तर?"

"कदाचित लवकर पोचला असता. कदाचित ट्यूबही गेली असती. मला खरंच माहीत नाही."



दुसऱ्या दिवशी नळी काढली. जितेश स्वतः श्वास घेऊ लागला. प्रल्हाद ते सांगायला बाहेर आला. उन्नती रडू लागली. तो थोडा वेळ उभा राहिला, पण तिच्या शेजारी बसला नाही.