निळ्या रेघांचा कागद

मित्रांनो, कागद म्हटलं की तुम्हाला अक्षरं आठवतात. माझ्यावर एकही अक्षर नाही. आहेत त्या फिकट निळ्या रेघा, आणि एके काळी त्यांतून वीज वाहायची.

कारखान्यात एका बाजूला गुळगुळीत लेप चढवून मला प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे मला हाती घेतलं चिमणीने. चण लहान म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिच्या प्रिंटरमध्ये नेहमीची शाई नव्हती. वीज वाहून नेणारं निळं प्लास्टिक पाण्यात कालवून भरलेलं होतं. माझ्याआधी कितीतरी भावंडं वाया गेली. कुणाच्या रेघा पसरल्या, कुणी भट्टीत वाळताना पिवळं पडलं. चिमणी त्यांचा बोळा करून टोपलीत टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागायची. मी मात्र जमलो. बॅटरी जोडताच माझ्या टोकाचा इवलासा दिवा लागला. चिमणी हनुवटी टेबलावर टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

प्रयोगशाळेत कायमची जागा एकच होती आणि अर्ज दोघींचे होते: चिमणीचा, आणि तिला सगळं काम शिकवणाऱ्या ताईचा. परीक्षकांसमोर चिमणी मला दुमडणार होती. दुमडूनही दिवा चालू राहतो, हेच तर दाखवायचं होतं. पण माझ्यासारखा दुसरा नव्हता, म्हणून आधी दुमडून बघायचा तिला धीर होईना. कसा दुमडू, असं तिने ताईला विचारलं.

ताईला पक्कं ठाऊक होतं. छपाई घडीच्या आत राहिली तर लेप तग धरतो. बाहेर राहिली तर ताणला जाऊन तडकतो, आणि त्यावरच्या रेघाही तुटतात.

"छपाई बाहेर ठेव गं," ताई म्हणाली. "परीक्षकांना रेघा दिसायला नकोत का?"

"बरं झालं विचारलं. मी आत ठेवणार होते."

परीक्षकांसमोर घडी पडली तशी माझ्या अंगावर बारीक चीर गेली. दिवा विझला. चिमणीने मला उलगडलं, तारा चाचपल्या, पुन्हा दाबून पाहिलं. घरून सराव करून यायचं राहिलं वाटतं, असं एक परीक्षक म्हणाले आणि बाकीचे हसले. बाहेर ताईने तिला जवळ घेतलं. चिमणी तिच्याच खांद्यावर रडली, वर तिचे आभारही मानले.

जागा ताईला मिळाली.

आता मी काचेखाली असतो. नवी मुलं आली की ताई त्यांना भिंगातून माझी चीर दाखवते आणि छपाई नेहमी आत ठेवायची, हे बजावते.

"हा कुणी बिघडवला?" परवा एका मुलीने विचारलं.

"होती एक. कुणाला काही विचारायचीच नाही."

मुलीने मान डोलावली.

मित्रांनो, माझी निगा उत्तम राखतात. धूळ नाही, ओल नाही. पण कुणी भरवशाने तुम्हाला विचारलं, तर खरं ते सांगा. माझ्यासारखा कागद दुसरा छापता येतो. चिमणी पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत गेली नाही.