चोक सोडला की बंद

"इंजिन रुसलं तर आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा," वडील गॅरेजात सांगायचे. आज ऐकून ऐकून माझा जीव टांगणीला लागला होता. कार्बोरेटर धुऊन बसवल्यापासून मोटारसायकल चोक सोडला की बंद पडे. तिकडे दवाखान्यात नणंदेचं ऑपरेशन. "आत नेण्याआधी तू दिसायला हवीस, वहिनी," म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं.

"अजून धू, पेट्रोल प्यायचंच विसरेल ती!" सासरे म्हणाले.

चोक हवा अडवतो; चोकवर चालते, म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरतेय. कार्बोरेटरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीवर बोट फिरवलं. कड दुमडून चिरली होती. घाईत मीच दाबून बसवलेली. सरळ करून पट्टी आवळली. गाडी चोकशिवाय चालली, पण चिरेमुळे मधूनच अडखळली.

"वाटेत थांबली तर?"

"ढकलीन, मामंजी."

देवाचं नाव घेऊन मी फाटक उघडलं.