मला पिवळा रंग दिला त्याची गोष्ट

मित्रांनो, तळ्याच्या धक्क्याला बांधलेली ती पिवळी होडी दिसते ना, ती मी. माझं वय झालं आहे, पण रंग नवा आहे, आणि तो माझ्या अंगावर कसा आला ते सांगण्यासारखं आहे.

मला एका सुताराने घडवलं. प्रत्येक फळी त्याने ठोकून, आवाज ऐकून निवडली. लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून वरून नुसतं व्हार्निश दिलं. मी पाण्यात उतरले की लोक वळून बघत. त्याची लेक माझ्यातच वल्ही मारायला शिकली. पुढे ती शिकायला दूर गेली, सुताराचे डोळे अधू झाले आणि मी काठावर उलटी पडून राहिले. उन्हाने व्हार्निश सोललं, सांधे उघडे पडले, पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. तेवढीच सोबत!

मग लेक परत आली. पलीकडच्या काठावरच्या शाळेत ती शिकवू लागली. रस्त्याने मोठा वळसा पडे, म्हणून ती एका मासेमाराच्या होडीतून ये-जा करी. सुट्टी लागताच बापलेकीने मला हाती घेतलं. मला खरवडलं, सांधे भरले, सगळ्या अंगाला इपॉक्सीचा, म्हणजे वाळून काचेसारखा कडक होणाऱ्या रसायनाचा, लेप दिला. आता थेंबभर पाणी आत येईना.

पण इपॉक्सी विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं, इपॉक्सी पाणी अडवतं, ऊन मात्र त्याला सोसत नाही. ते पिवळं पडतं, तडकतं. वर एक थर हवाच. उन्हाला अडवणारं पारदर्शक व्हार्निश, नाहीतर रंग.

इथे बापलेकीचं बिनसलं. सुताराला व्हार्निशच हवं होतं. लेक म्हणे, व्हार्निश पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, रंग जास्त टिकतो. सुतार फुगून बसला. लाकूड झाकायचंच होतं तर पत्र्याची होडी घ्यायची होती, असं पुटपुटला.

दुसऱ्या सकाळी लेक माझ्या कडेला टेकून बसली.

“बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी माझी वाट बघत धक्क्यावर उभे राहता. सुट्टीआधी एकदा मी मासेमाराच्या होडीतून अगदी समोर आले, तरी तुम्ही भलतीकडेच हात हलवत होतात. लांबून दिसेल असा रंग देऊ, पिवळा वगैरे.”

माझ्या फळीवरून सुताराचा अंगठा मागेपुढे होत राहिला. मासेमाराची तपकिरी होडी तळ्याच्या गढूळ पाण्यात त्याला दिसत नव्हती, आणि हे त्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

“पिवळा कसला?” अखेर त्याने विचारलं. “लिंबासारखा की हळदीसारखा?”

लेकीने लाकडाचे तुकडे वेगवेगळ्या रंगांनी रंगवले आणि मासेमाराच्या होडीतून दूर जाऊन ती एकेक वर धरू लागली. निळा पाण्यात मिसळला. पांढरा चकाकीत हरवला. हळदीसारखा पिवळा वर झाला, तसा सुताराचा हात थेट तिच्याकडे उठला.

मग तोच पुढे झाला. वाळताना इपॉक्सीवर आलेला तेलकट थर त्याने पाण्याने धुऊन काढला, पॉलिश पेपरने मला घासलं. खडबडीत जागा त्याची बोटंच शोधत. रंग नीट वाळतो का, हे आधी एका कोपऱ्यात पाहिलं, मग सगळ्या अंगाला हळदीसारखा पिवळा चढवला. आतल्या बाकाला मात्र त्याने व्हार्निशच दिलं. लेक हसली, अडवलं नाही.

शाळा उघडली. पहिल्या संध्याकाळी आम्ही परतत होतो. धक्का अजून लांब होता, तोच सुतार दोर घ्यायला पायऱ्या उतरू लागला. शेजारच्या मासेमाराला तो ओरडून सांगत होता, “माझी पोर आली बघ.” लेकीने वल्ही थांबवली आणि पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, जुनी वस्तू उन्हात टाकून देऊ नका, तिला वेळेवर थर द्या. आणि घरातल्या कुणाला कमी दिसत असेल, तर त्याने सांगायची वाट पाहू नका. त्याला दिसेल अशा रंगात त्याच्यासमोर या.