सेयिल-एजेच्या वह्यांची पडशी

मित्रांनो, मी लोकरीची पडशी. दोन खणांची, घोड्याच्या पाठीवर आडवी टाकतात तशी. माझ्या एका खणाला ठिगळ आहे आणि दुसऱ्याचा बंद तुटला आहे. फार बोलण्याची ताकद आता राहिली नाही. पण सेयिल-एजेबद्दल, म्हणजे आमच्या सेयिलताईबद्दल, सांगायचे राहून गेले तर मला चैन पडणार नाही, म्हणून सांगते.

चीनच्या सीमेकडच्या डोंगरांत, नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यात आर्चाली नावाचे आमचे गाव आहे. सेयिलच्या आईने मला तिथे विणले. लोकर तिच्याच मेंढ्यांची, निम्मी मुळांच्या रंगात तांबडी केलेली, निम्मी मूळची काळी. लेक गावातल्याच सासरी निघाली तेव्हा मला तिच्या घोड्यावर टाकले. पहिली काही वर्षे मी पीठ, मीठ आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे वाहिले. ते दिवस साधे होते.

मग सेयिलची आई वारली. आमच्याकडे प्रत्येकाला आपल्या सात पिढ्यांच्या बापांची नावे पाठ असतात. त्या सातांत कुठेही एकच बाप निघाला तर मुलामुलीचे लग्न होत नाही. मयताच्या जेवणालाही म्हाताऱ्यांनी ती नावे भराभर म्हणून दाखवली. सेयिल चहा वाढता वाढता थांबली.

"आणि माझ्या आईची आई? तिचं नाव काय होतं?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी एक जण म्हणाला, "पलीकडच्या खोऱ्यातून आणली होती तिला, एवढं आठवतं. पांढऱ्या घोड्यावर आली होती बघ."

घोड्याचा रंग आठवत होता. बाईचे नाव कुणालाच आठवत नव्हते.

सेयिल शाळेतले वाचनालय सांभाळायची. दुसऱ्या दिवशी तिने एक रेघांची वही माझ्या खणात टाकली आणि माझे पीठमीठ संपले. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती घोड्यावरून वरच्या कुरणांत जायची आणि एकेका तंबूत शिरून म्हाताऱ्या बायकांपुढे बसायची. तुमचे नाव काय, आईचे काय, आजीचे काय? किती मुले झाली, किती गेली? हा पाट कुणी खणला, तो झरा कोणत्या साली आटला? बायका आधी हसायच्या. "आमचं नाव लिहून काय करणार गं?" म्हणायच्या. मग बोलू लागल्या की कुमिसचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे तसेच पडून राहायचे.

तिचा नवरा मुकाश ट्रॅक्टर चालवायचा. तो दारातूनच ओरडायचा, "घरात चूल थंड आणि तू मेलेल्यांची हजेरी घेत फिरतेस!"

"मेलेले निदान चहा तरी मागत नाहीत," सेयिल म्हणायची.

मुकाश हसायचा आणि स्वतःच घोड्यावर खोगीर घालून द्यायचा. वाईट माणूस नव्हता तो.

एका उन्हाळ्यात आम्ही दोन घाट ओलांडून तोक्तोकान नावाच्या आजीकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, डोळे गेलेले, पण जीभ तल्लख. ती पळापळीच्या सालाबद्दल सांगत होती. त्या साली झारच्या फौजेला भिऊन आमची माणसे बर्फाच्या घाटातून चीनकडे पळाली होती. तोक्तोकानची मैत्रीण झूराकानही त्यात होती.

"तिचं तान्हं वाटेत गेलं," म्हातारी म्हणाली. "बर्फात पुरायलाही थांबता आलं नाही. पुढच्या वळणावर एक बाई मरून पडलेली, आणि तिच्या कुशीत दुसरं तान्हं, जिवंत. झूराकाननं उचललं न् छातीला लावलं, आपलंच म्हणून वाढवलं. कुणाचं, कुठलं, काही ठाऊक नाही. तोच तुमचा कासिमाली."

सेयिलची पेन्सिल थांबली. कासिमाली आबा म्हणजे आर्चालीतला सर्वांत मानाचा म्हातारा. सात बापांची नावे त्याच्याइतक्या थाटात कुणी म्हणत नसे. सेयिलने त्या दिवशी पुढे काही लिहिले नाही. परतताना ती घोड्यावर न बसता लगाम धरून बराच वेळ पायी चालत राहिली.

त्याच वर्षी शरद ऋतूत कासिमालीच्या नातवाचे, बेक्तूरचे, आमच्याच गावच्या जिबेकवर मन बसले. दोघांच्या पाचव्या पिढीला एकच बाप निघत होता. सर्वांत मोठ्याने विरोध केला तो कासिमालीनेच. "माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे लग्न होणार नाही!"

सेयिल मला खांद्यावर टाकून त्याच्या घरी गेली. घरातले सगळे बाहेर जाईपर्यंत थांबली. मग हळू आवाजात तिने सगळे सांगितले.

कासिमालीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "बाहेर हो. तुझ्या वह्यांसकट बाहेर हो!"

त्याने मला उचलून अंगणात भिरकावले. वह्या शेणात पडल्या. माझा खण फाटला तो तेव्हाच.  सेयिलने गुडघ्यांवर बसून एकेक वही डोक्यावरच्या रुमालाने पुसली.

घरी मुकाश म्हणाला, "अगं, चारचौघांत सांगून टाक. पोरं तरी सुटतील."

"पोरं सुटतील आणि म्हातारा बुडेल," ती म्हणाली. "त्याची गोष्ट आहे. त्यानंच सांगायला हवी."

"आणि नाही सांगितली तर?"

तिने माझ्या फाटक्या खणाला ठिगळ लावायला घेतले. चहा तसाच गार झाला.

तो हिवाळा फार लांबला. जिबेकला तिच्या मावशीकडे शहरात धाडून दिले. बेक्तूर कुणाशी बोलेनासा झाला. सेयिल वाचनालयात जायची, यायची आणि मला खुंटीवरून काढायचीही नाही. तिचे केस त्याच हिवाळ्यात पांढरे झाले. गावातल्या बायका म्हणायच्या, "एजे, दमलात हो." ती म्हणायची, "हो गं, दमले."

घाटातला बर्फ वितळला तसा कासिमाली एके सकाळी घोड्यावर बसून एकटाच निघून गेला. सहा दिवसांनी परतला. कुठे गेला होता ते त्याने कुणालाच सांगितले नाही. त्याची वाट तोक्तोकानच्या तंबूकडे गेली असणार, हे सेयिलला मात्र कळले होते.

नंतर वसंतातले मोठे जेवण झाले. दरवर्षीप्रमाणे कासिमालीला सात बापांची नावे म्हणायला उठवले. तो उठला, टोपी सारखी केली आणि पहिले नाव उच्चारून थांबला. मग म्हणाला, "हे माझे बाप नव्हेत. माझा बाप कोण ते मला ठाऊक नाही. झूराकाननं मला घाटातून उचलून आणलं."

 मग त्याचा जन्मभराचा सोबती, बोटांत हाडूक धरून बसलेला एक म्हातारा, म्हणाला, "म्हणजे घोड्यांच्या शर्यतीत पन्नास वर्षं आमच्या कुळाच्या बाजूनं ओरडत होतास, ते फुकटच की रे?"

"ओरडायला बाप लागत नाही, घसा लागतो," कासिमाली म्हणाला.

आधी एक जण हसला, मग सगळे. कुणीतरी त्याला हाताला धरून पुन्हा त्याच्याच मानाच्या जागी बसवले. तो मान खाली घालून रडत होता.

चार दिवसांनी तो आमच्या दारात आला. माझ्या ठिगळाकडे पाहून म्हणाला, "हे माझ्या हातून झालं." मग चहा घेतला. मग विचारले, "तुझ्या वहीत माझं नाव कुणाखाली लिहिणार?"

"झूराकानखाली, आबा."

"बाईच्या नावाखाली?"

"तिनंच उचललं ना तुम्हाला."

तो बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात फिरवत राहिला. "लिही," शेवटी म्हणाला. "पेन्सिलीनं नको. शाईनं लिही."

बेक्तूर आणि जिबेकचे लग्न झाले. पण लग्नाच्या मांडवात जिबेकने सेयिलला बाजूला घेतले आणि म्हणाली, "एजे, तुम्हाला सगळं माहीत होतं. मी तिकडे रडत होते, आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो," सेयिल म्हणाली.  जिबेक तिच्याशी नंतर नीट वागली, पण मोकळी कधी झाली नाही. सेयिलला ते शेवटपर्यंत लागत राहिले.

पुढे ती वीस वर्षे फिरली. गुडघे गेले तेव्हा मुकाश तिला गाडीतून न्यायचा. मुकाश गेला तेव्हा ती घरी बसूनच लिहायची. एकूण अकरा वह्या भरल्या. एका सकाळी ती चष्मा लावलेलाच ठेवून गेली.

तिचा मुलगा परगावी होता. त्याने माती दिली, घराला कुलूप लावले आणि मला वह्यांसकट माळ्यावर टाकले. वाईट हेतूने नव्हे. पुढे कधीतरी बघू, असे म्हणाला. माझ्यावर कांद्याचे पोते आले. छप्पर गळायचे. मग उंदीर आले. मी सतरा वर्षे तशीच पडून होते.

मला खाली काढले ते जिबेकने. ती आता शाळेत शिकवते. शाळेत गावाचा इतिहास अभ्यासाला लावायचा ठरला होता, म्हणून तिने सेयिलच्या मुलाकडून किल्ली मागवली. दहा वह्या निघाल्या. उरलेल्या एकीचा उंदरांनी नुसता भुगा केला होता. ती कोणती वही, ते जिबेकला इतर वह्यांवरच्या आकड्यांवरून कळले. तिसरी. वरच्या कुरणांतल्या बायकांची.

जिबेक माळ्यावर फतकल मारून बसली. भुगा ओंजळीत घेऊन म्हणाली, "एजे, आता विचारू कुणाला? त्यातली एकही म्हातारी उरली नाही हो."

ती खूप वेळ रडली. मी तिला कधी सेयिलसाठी रडताना पाहिले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारी असेल तर आजच तिच्यापुढे वही घेऊन बसा. लिहिलेले दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातले एक माळ्यावर ठेवू नका. दुसरे काही मी मागत नाही. त्या तिसऱ्या वहीतल्या साऱ्या बायकांना मी इतकी वर्षे अंगाखांद्यावर वाहिले. पण ऐकलेली नावे माझ्या लोकरीत टिकली नाहीत, आणि त्यांतली एकही मी तुम्हाला नावाने सांगू शकत नाही. मी पडशी आहे. मला वाचता येत नाही.