तीनदा विचारले, कोणी बोलले नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. विहाराच्या सभागृहाच्या दारात मला दोन दोरांनी टांगले आहे. एका सुताराने मला तासून गुळगुळीत केले. मोगरीचा टोला बसला की माझा आवाज पार फाटकाबाहेर जाई आणि बाराही भिक्खू हातातले काम टाकून सभेला येत. "काय खणखणीत फळी आहे!" असे पाहुणे म्हणत. लाकडाला मांस कुठले, पण मूठभर चढे खरे.

टोले देण्याचे काम पाणीवाल्या भंतेंचे. विहिरीचे पाणी तेच भरत, म्हणून सगळे त्यांना तसे म्हणत. भांडाराच्या किल्ल्या सांभाळणारे म्हातारे भांडारी भंते त्यांचे जिवलग मित्र होते.

गेल्या थंडीत भांडारात एकच घोंगडी उरली. नियमाने ती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूला मिळायला हवी होती. भांडारी भंतेंनी ती तापाने फणफणलेल्या एका वाटसरूला दिली. झाले! निम्मे म्हणाले, नियम मोडला. निम्मे म्हणाले, बरोबर केले. पाणीवाले भंते नियमाच्या बाजूचे. रागाच्या भरात भांडारी भंते त्यांना म्हणाले, "दया कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला. बघता बघता तो साऱ्या विहारात पसरला. जेवताना फक्त पात्रांचा आवाज यायचा.

विहाराचे प्रमुख असलेले थोरले भंते हवालदिल झाले. मोठा धक्का दिला तरच ही तोंडे उघडतील, असे त्यांना वाटले. त्यांनी भरदुपारी सभा बोलावली आणि ठराव मांडला, "भांडारी भंतेंनी हा विहार सोडावा. मान्य असेल त्यांनी गप्प राहावं. नसेल त्यांनी बोलावं."

आमच्याकडे असेच तीनदा विचारतात आणि दर वेळी मला एक टोला देतात. तिसऱ्या टोल्यापर्यंत कोणी बोलले नाही, तर ठराव पक्का होतो. एकदा विचारायला लागले की मांडणाऱ्यालाही मध्ये थांबता येत नाही.

पहिला टोला पडला. सगळे गप्प. दुसरा पडला. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. पाणीवाल्या भंतेंचे ओठ हलत होते, पण 'आधी मीच का?' हा हट्ट सुटत नव्हता. तिसऱ्यांदा विचारताना थोरल्या भंतेंना हुंदका आवरेना. अरे, बोला रे कोणीतरी! माझा जीव कासावीस झाला. पण तिसरा टोलाही पडला, आणि तो मित्राच्याच हातून पडला.

भांडारी भंतेंनी नमस्कार केला, किल्ल्या ठेवल्या, पात्र उचलले आणि निघाले. पाणीवाले भंते मागे धावले.

"थांबा हो! मला नको होतं हे!"

"मग बोलला का नाहीत, भंते?"

एवढेच विचारून ते वळणाआड गेले.

आता सगळे बोलतात. ठराव मागे घ्यायला सगळे तयार आहेत. पण ज्याच्याविषयी ठरवायचे, तो समोर बसल्याशिवाय आमच्या सभेला काही ठरवता येत नाही. गावोगाव निरोप धाडले, त्यांचा पत्ता नाही. पाणीवाले भंते रोज सकाळी मला जीव खाऊन बडवतात, भांडारी भंतेंच्या कानावर आवाज पडेल म्हणून. मला मधोमध तडा गेला आहे. माझा आवाज बसला आहे, पण ते थांबत नाहीत.

मित्रांनो, मी फुटले तर सुतार दुसरी फळी करून देईल. माणूस तसा करून मिळत नाही. तुमच्यासमोर कोणाला घालवायचे ठरत असेल, तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. आणि कुठे एकटे चालणारे म्हातारे भिक्खू भेटले, तर हात जोडून त्यांना एवढे सांगा, सभा अजून उठलेली नाही.